बियाण्याचे उपाशी राखणदार



आणखी दीड महिन्याने मृग लागेल. आपण शहरातली माणसे मृगाची वाट पाहतो ती उकाडा संपावा म्हणून. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या दोन-तीन पिढ्या मागे गेले, तर मृगाची वाट पेरणीसाठी पाहणारे घर सापडेल. त्या घरात एक कायदा होता. तो कोणत्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. कणगी रिकामी झाली, सावकाराने पाठ फिरवली, पोरे कण्या पिऊन निजली, तरी उतरंडीतल्या एका मडक्याला हात लावायचा नाही. त्या मडक्यात राखेत घोळलेले बी असे. ते मोडून खाल्ले तर आजचा दिवस निभेल, पण पुढचे साल बुडेल.

हाच कायदा एका मोठ्या शहरातल्या काही अभ्यासकांनी, मदतनिसांनी आणि कारकुनांनी पाळला, आणि पाळता पाळता त्यांच्यापैकी कित्येक उपाशी मेले. ती हकिगत आज सांगावयाची आहे. शहर लेनिनग्राड, म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग, साल १९४१-४२. मी शेतीशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कचेरीत गेले. वाचन झाले ते रात्री, मिळेल त्या पुस्तकावर. परंतु या हकिगतीत श्रम आहेत, भूक आहे, सरकार आहे आणि तुरुंग आहे. हे चार विषय मला अगदीच परके नाहीत.

बी म्हणजे साठलेले श्रम

आधी बी म्हणजे काय, ते पाहू. रानटी गवताचे बी पिकले की गळून पडते. गवताचा वंश वाढण्यास ते सोयीचे. कापणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही. हजारो वर्षांपूर्वी कोणाला तरी, बहुधा एखाद्या बाईलाच, न गळणारे कणीस सापडले. तिने ते वेगळे ठेवले आणि पुढच्या पावसात पेरले. पुढे कोणी अवर्षणात तगलेले ताट निवडले, कोणी पाखरांना नकोसे झालेले कणीस निवडले, कोणी भाकरीला गोड लागणारा दाणा निवडला. आज आपण बाजारातून मालदांडी ज्वारी आणतो. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रात शास्त्रज्ञांनी तिची निवड केली, त्याचे श्रेय त्यांचे आहेच. पण ज्या गावरान मालदांडीतून त्यांनी निवड केली, ती आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली होती. तोच प्रकार आपल्या आंबेमोहोराचा, काळभाताचा, आजऱ्याच्या घनसाळाचा.

कामगार चळवळीतल्या माणसाला म्हणून दाण्यात श्रम दिसतात; बिनपगारी आणि बिननावाचे. गिरणीतले यंत्र मोडले तर नकाशावरून दुसरे घडवता येते. एखादा वाण नाहीसा झाला तर त्याचा नकाशा कोणापाशीच नसतो.

आणि वाण एक असून भागत नाही, अनेक लागतात. याचा धडा आयर्लंडने फार महाग दराने घेतला. तेथील गरीब जनता बटाट्यावर जगत होती आणि बटाटा जवळजवळ एकाच जातीचा होता. बटाटा बेण्यावरून लावतात. म्हणजे सगळी झाडे एकाच झाडाची जणू तुकडे करून लावलेली. १८४५ साली करपा आला आणि एकाला जे मारक ते सर्वांना मारक ठरले. चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जात होते, हेही विसरता कामा नये. रोगाने पीक जाते. माणसे मरतात ती पुष्कळदा व्यवस्थेने. या करप्याला दाद न देणारे रानटी बटाटे जगात होते. ते मेक्सिकोच्या डोंगरांत उगवत होते. पण ते शोधून, जपून ठेवणारे तेव्हा कोणी नव्हते.

दाणे वेचणारा माणूस

असे शोधून जपण्याचे काम साऱ्या जगाच्या पातळीवर ज्याने प्रथम हाती घेतले, तो निकोलाय वाव्हिलॉव. जन्म मॉस्कोचा, १८८७ सालचा. वडील शेतकऱ्याच्या घरात जन्मून पुढे कापडाच्या व्यापारात वर आलेले. मुलगा शेतकी महाविद्यालयात शिकला, इंग्लंडात जाऊन आनुवंशिकतेचे नवे शास्त्र शिकून आला. १९१६ साली इराणात असलेल्या रशियन सैनिकांना भाकरी खाऊन भोवळ येऊ लागली, तेव्हा कारण शोधण्यास या तरुण शास्त्रज्ञाला धाडले. गव्हात मिसळलेल्या एका विषारी गवताचे बी त्याला सापडले. सरकारी काम संपले. पण तो तेथून पामीरच्या पहाडांत शिरला.

तेथे त्याने पाहिलेली एक गोष्ट मला फार आवडते. थंड देशांत राय नावाचे धान्य पिकते. आपली फोडणीची राई नव्हे, गव्हाच्या कुळातले धान्य. खालच्या खोऱ्यांत हे राय गव्हातले तण होते. शेतकरी ते उपटून टाकीत. जसजसे वर चढावे तसतसा गहू थंडीने खुजा होई आणि तण जोर धरी. आणखी वर गेले की शेतात गहू नावालाही उरत नसे. तण तेवढे उभे. मग शेतकरी तेच कापून खाऊ लागले, आणि तणाचे पीक झाले. खाली ज्याला हाकलले त्यानेच वर माणसे जगवली. निरुपयोगी म्हणून जे आज आपण फेकतो, ते कोणत्या चढावर लागेल, हे सांगता येत नाही. बीजपेढीचे सारे तत्त्वज्ञान मला या एका दाखल्यात दिसते.

क्रांतीनंतर व्होल्गाच्या खोऱ्यात १९२१-२२ साली भीषण दुष्काळ पडला. सुमारे पन्नास लाख माणसे त्यात गेली. बियाणेदेखील खाऊन संपलेले मुलूख वाव्हिलॉवने डोळ्यांनी पाहिले होते. १९२१ सालीच तो पेट्रोग्राडच्या वनस्पती-विभागाचा प्रमुख झाला, आणि पुढील वीस वर्षे त्याने एकच ध्यास घेतला: जगातल्या प्रत्येक पिकाचे जेवढे वाण असतील तेवढे गोळा करावयाचे. १९२४ साली तो अफगाणिस्तानात होता, १९२६-२७ साली भूमध्य समुद्राकाठच्या देशांत आणि अबिसीनियात, १९२९ साली पश्चिम चीन, जपान आणि कोरियात, नंतर मध्य व दक्षिण अमेरिकेत. मेक्सिकोतल्या त्या रानटी बटाट्यांपर्यंत त्याचे सहकारी १९२५ पासूनच पोहोचले होते. धान्य तेवढे आणले असे नव्हे. कडधान्ये, भाज्या, फळे आणि चाऱ्याच्या वनस्पतीही आणल्या. आपल्याकडे गुरांना घालतात त्या लसूणघासाचे माहेर इराण आणि मध्य आशियाच्या बाजूचे. भाकरीचे बी आणि कुरणाचे बी एकाच शिस्तीने जपले पाहिजे, कारण गुरे नसतील तर नांगर कोण ओढणार, ही त्या काळची साधी गोष्ट.

या भ्रमंतीतून १९२६ साली त्याने आपला सिद्धांत मांडला. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाची विविधता सर्वांत जास्त, तेथे त्या पिकाचे जन्मस्थान शोधावे. अशी केंद्रे त्याने नकाशावर दाखवली. मक्याचे मेक्सिकोत, बटाट्याचे अँडीज पर्वतात, सोयाबीनचे चीनमध्ये. भारताच्या केंद्रात त्याने भात, वांगे, आंबा आणि तूर घातली. पुढील संशोधकांनी या नकाशात दुरुस्त्या केल्या आहेत. पण कोठे शोधावे, हे त्याने दाखवले ते कायम राहिले. आणि ही केंद्रे बहुतेक डोंगराळ, गरीब मुलुखांत आहेत. जगाच्या ताटातले मूळ भांडवल गरिबाच्या परड्यात आहे, असा या सिद्धांताचा अर्थ मी लावतो.

तुरुंग

आता जो भाग सांगायचा आहे, तो सांगताना माझ्यासारख्याला जड जाते. लाल झेंड्याखाली वाढलेल्या आमच्या पिढीने सोव्हिएत रशियाविषयी आदरानेच ऐकले होते. पण खोटा जमाखर्च कामगारांच्या संस्थेचा असला तरी तो खोटाच.

त्या देशात त्या वेळी त्रोफीम लायसेंको नावाचा एक माणूस पुढे आला. युक्रेनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. बी थंडीत भिजवून पेरले की पीक लवकर येते, अशा प्रयोगाने त्याचे नाव झाले. सुरुवातीला खुद्द वाव्हिलॉवनेच त्याला उत्तेजन दिले. मग लायसेंको म्हणू लागला की आनुवंशिकतेचे शास्त्र हे भांडवलदारांचे थोतांड आहे. परिस्थिती बदलून पिकाचा स्वभावच बदलता येतो. नवे वाण काढायला दहा-बारा वर्षे लागत नाहीत, दोन-तीन पुरेत. सामुदायिक शेतीच्या सक्तीने आणि १९३२-३३ च्या दुष्काळाने अडचणीत आलेल्या राज्यकर्त्यांना हे ऐकायला हवेच होते. शास्त्रज्ञ सांगत होता, वेळ लागेल. हा सांगत होता, उद्या देतो. वर्तमानपत्रांनी त्याला मातीतून उगवलेला पंडित म्हणून डोक्यावर घेतले, आणि वाव्हिलॉव परदेशी फिरणारा, जुन्या वर्गाचा विद्वान ठरला.

श्रोतेहो, मी स्वतः शाळा अर्धी टाकलेला माणूस. पुस्तकी विद्वानांनी आम्हाला तुच्छ लेखले, याचा राग मलाही आलेला आहे. म्हणून या ठिकाणी मला स्वतःलाच बजवावे लागते. गरिबाच्या पोटी जन्मणे हा गुन्हा नाही, तसा तो पुरावाही नाही. शेतात उगवले की नाही, एवढाच बियाण्याचा कस. पेरणाऱ्याची जात, वर्ग आणि पक्ष त्याला कळत नाही. स्वतःच्या हिमतीने शिकलेल्या माणसाला सर्वांत मोठा धोका हा, की ज्याने शिस्तीने शिक्षण घेतले त्याचा मत्सर तो न्यायबुद्धी समजून बसतो.

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करीत असताना वाव्हिलॉव यांना अटक झाली. महिनोन्‌महिने रात्रीच्या रात्री चौकशी चालली. हेरगिरी, घातपात, कटात सामील असणे असे आरोप ठेवले. जुलै १९४१ मध्ये देहान्ताची शिक्षा झाली; पुढे ती वीस वर्षांच्या कैदेवर आणली. ज्या सारातोव्ह शहरात १९१७ साली ते प्राध्यापक झाले होते, त्याच सारातोव्हच्या तुरुंगात २६ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. वय पंचावन्न. कारण उपासमारीने खचलेले शरीर. साऱ्या जगाच्या भाकरीचे बी ज्याने वेचले, त्याला त्याच्याच देशाने पोटभर भाकर दिली नाही. १९५५ साली त्यांना निर्दोष ठरवण्यात आले. मेलेल्याला मिळालेला न्याय मागे उरलेल्यांच्या उपयोगी पडावा, एवढीच आशा.

वेढा

वाव्हिलॉव कोठडीत असतानाच, २२ जून १९४१ रोजी, हिटलरने रशियावर आक्रमण केले. ८ सप्टेंबरला लेनिनग्राडचा जमिनीवरचा शेवटचा रस्ता तुटला. शहर जिंकण्यापेक्षा ते उपाशी मारावे असा जर्मनांचा हिशेब होता. तो वेढा २७ जानेवारी १९४४ ला संपूर्ण उठला. आठशे बहात्तर दिवस. आठ लाखांहून अधिक नागरिक त्यात मेले, आणि त्यांतले बहुतेक भुकेने.

शहराच्या मधोमध, सेंट आयझॅकच्या चौकात, वाव्हिलॉव यांची संस्था होती. तेथे दोन लाखांच्या घरात नमुने होते. गहू, भात, मका, वाटाणा, भुईमूग, हरभरा, ओट, सारे लहान लहान पुड्यांत आणि पत्र्याच्या डब्यांत, प्रत्येकावर नाव, गाव, सालाची चिठ्ठी. संग्रहाचा काही भाग लाडोगा सरोवरावरून उरल पर्वताकडे हलवता आला. उरलेला तेथेच राहिला. आपला संचालक जिवंत आहे की नाही, कोठे आहे, याचा पत्ता तेथील माणसांना नव्हता. देशद्रोही ठरवलेल्या माणसाने गोळा केलेली ही पुंजी होती. ती राखल्याबद्दल शाबासकी मिळेल की संशय, तेही ठाऊक नव्हते.

२० नोव्हेंबर १९४१ पासून पावाचे रेशन सर्वांत खाली आले. कारखान्यातल्या कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम. कचेरीतला नोकर, घरातले परावलंबी आणि मुले यांना १२५ ग्रॅम. आपल्या हातावर मावेल एवढा तुकडा. आणि तोही निव्वळ पिठाचा नव्हे, त्यात भुसा आणि लाकडाचा लगदा मिसळलेला. बियाण्याच्या पुड्या मोजणारे हात बहुतेक या दुसऱ्या वर्गातले. त्या हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांच्याही पलीकडे गेला. खिडक्यांच्या काचा बाँबने फुटलेल्या. वीज नाही, पाणी नाही. उंदीर डबे पाडून झाकणे उघडू लागले, म्हणून डबे एकत्र बांधून ठेवले. शंका येऊ नये म्हणून कोणी एकट्याने कोठीत जायचे नाही असा दंडक घातला. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ते साधुसंत नव्हते. भूक काय करू शकते हे ओळखून एकमेकांना सांभाळणारी माणसे होती.

बटाट्याची कथा निराळी. धान्य पुडीत राहते. बटाटा गोठला की मेला, आणि दरवर्षी लावला नाही तर संपला. शहराच्या दक्षिणेस पाव्हलोव्हस्क येथे संस्थेचे मळे होते. जर्मन सैन्य जवळ येत असताना, तोफांच्या माऱ्यात, अब्राहाम कामेराझ आणि ओल्गा व्होस्क्रेसेन्स्काया यांनी तेथील बेणे उकरून शहरात आणले. कामेराझ पुढे आघाडीवर गेले. वादिम लेख्नोविच यांनी हिवाळाभर तळघरातले ते बटाटे राखले. सरपण म्हणून मिळेल ते लाकूड जाळून तळघराची ऊब टिकवली, रोज पायी येऊन कुलूप तपासले. भुकेल्या माणसासमोर शेजारी बटाट्यांच्या राशी. पुढे त्यांना कोणी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले ते असे, की चालणे कठीण होते, सकाळी उठणे कठीण होते, हातपाय हलवणे कठीण होते. बेणे न खाणे मात्र कठीण वाटले नाही. आपल्या आणि सोबत्यांच्या जन्माची कामगिरी खाऊन टाकणे हा विचारच शक्य नव्हता.

भुईमुगाचा संग्रह सांभाळणारे अलेक्झांडर श्चुकिन टेबलाशी बसल्या बसल्या गेले. भाताचे अभ्यासक दिमित्री इव्हानोव गेले. त्यांच्या ताब्यातल्या तांदळाच्या हजारो पुड्या जशाच्या तशा होत्या. ओटचा संग्रह पाहणाऱ्या लिलिया रोदिना गेल्या. वेगवेगळ्या याद्यांत संख्या वेगवेगळी येते. सर्वांत लहान यादीतही नऊ नावे आहेत. जे जगले त्यांनी १९४२ च्या वसंतात शहरातल्या बागांत आणि मोकळ्या जागांत भाज्या कशा लावाव्यात हे लोकांना शिकवले. ज्या आयझॅकच्या चौकात ही संस्था, त्या चौकातच कोबी लावला गेला.

हे बरोबर होते काय?

येथे एक प्रश्न मी टाळणार नाही. समोर माणूस मरतो आहे आणि कोठीत दाणे आहेत. अशा वेळी दाणे राखणे हा धर्म की निष्ठुरपणा?

हिशेब करून पाहा. वेढा पडला तेव्हा शहरात सुमारे पंचवीस लाख माणसे होती. कोठीत समजा दहा टन दाणे होते असे धरले, तरी माणशी चार ग्रॅम येतात. शहर त्याने वाचले नसते. पण कोठीतली माणसे वाचली असती, हेही तितकेच खरे. तेव्हा त्यांनी शहराच्या तोंडचा घास अडवला नाही. स्वतःच्याच तोंडचा अडवला. हा निर्णय दुसऱ्या कोणी त्यांच्यावर लादला असता तर मी त्याला क्रौर्य म्हटले असते. त्यांनी तो आपसात घेतला म्हणून मी हात जोडतो.

दीर्घ संपाच्या काळातली उपाशी घरे मी पाहिली आहेत. युनियनच्या पेटीत लढ्याचा निधी असतो, आणि एखादी बाई पोर कडेवर घेऊन येते. तिला तत्त्वज्ञान सांगून भागत नाही. तरीही पेटी एका दिवसात वाटून टाकली तर सगळ्यांचीच लढाई संपते, हे तिलाही कळत असते. पुष्कळदा तीच आधी म्हणते, राहू द्या. अशा माणसांना वीर म्हणून आपण हार घालतो आणि मोकळे होतो. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्या व्यवस्थेत बी राखणाऱ्याला मरावे लागते, त्या व्यवस्थेचा जबाब घेतला पाहिजे. वेढा घालणाऱ्यांचा जबाब इतिहासाने घेतला. ज्या सरकारने या संस्थेचा प्रमुख तुरुंगात टाकला, १९४८ साली आनुवंशिकतेचे शास्त्र शिकवणेच बंद केले, आणि लायसेंकोला १९६५ पर्यंत पदावर ठेवले, त्याचाही घेतलाच पाहिजे. सोबत्यांच्या मरणाचा अभिमान बाळगणाऱ्यांवर त्यांच्या जगण्याची जबाबदारी आधी येते.

त्या दाण्यांचे पुढे काय झाले

बियाणे वाचले, म्हणजे नेमके काय वाचले? युद्धानंतर त्या देशात अनेक पिकांचे नवे वाण या संग्रहातून घडले. दुसरा दाखला आपल्या जवळचा. १९७० च्या सुमारास आशियात भाताच्या नव्या, भरघोस वाणांवर खुरटा नावाचा विषाणुरोग पसरला. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा एकच सापडला. तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेला रानटी भात. खायला निरुपयोगी, शेताच्या बांधाला आणि डबक्याच्या कडेला उगवणारा. त्याच्या संकरातून निघालेला एक वाण १९७६ नंतर लक्षावधी हेक्टरांवर पेरला गेला. पामीरच्या तणाची गोष्ट आठवा.

बीजपेढी म्हटले की आपल्याला कुलूपबंद तिजोरी दिसते. ती तशी नाही. बी जिवंत असते, श्वास घेते, म्हातारे होते. ते सावकाश वाळवून, आतला ओलावा शेकडा पाच-सातवर आणून, हवाबंद करून, शून्याखाली अठरा अंशांत ठेवतात. तरीही दर काही वर्षांनी थोडे दाणे भिजवून किती उगवतात ते मोजावे लागते. उगवण घटली की ते शेतात पेरून नवे बी धरावे लागते. शेजारच्या वाणाचा पराग मिसळू नये म्हणून अंतर राखावे, कणसांना पिशव्या बांधाव्यात, चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. चिठ्ठी हरवली की दाणा असूनही वाण हरवला. म्हणजे तिजोरीइतकेच महत्त्व पेरणाऱ्या, खुरपणाऱ्या, चिठ्ठी लिहिणाऱ्या हातांना आहे. शीतगृहाची कोनशिला बसवायला मंत्री येतात. दहा वर्षांनी उगवण तपासणारी बाई नोकरीत कायम आहे की रोजंदारीवर, हे विचारायला कोणी येत नाही.

२००८ साली नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, गोठलेल्या डोंगराच्या पोटात, साऱ्या जगाच्या बीजपेढ्यांची दुसरी प्रत ठेवण्याची सोय झाली. तेथे आज बारा लाखांहून अधिक नमुने आहेत. ती प्रत किती मोलाची, हे सीरियाने दाखवले. अलेप्पोजवळ कोरडवाहू शेतीसाठीच्या आंतरराष्ट्रीय केंद्राची पेढी होती. गहू, बार्ली, मसूर, हरभरा, आपल्या विदर्भाच्या ओळखीची लाख, आणि रखरखीत कुरणांवर तगणाऱ्या चाऱ्याच्या वनस्पती तेथे होत्या. यादवी युद्धात ती जागा हातची जाऊ लागली, तेव्हा तेथील माणसांनी नमुन्यांच्या प्रती आधीच बाहेर पाठवल्या होत्या. २०१५ साली स्वालबार्डमधून प्रथमच बी परत मागवले गेले, सुमारे अडतीस हजार नमुने. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरले, आणि २०१७ साली नवे बी धरून पुन्हा त्या डोंगरात ठेवले. तोफा होत्या, वेढे होते. पण या वेळी प्रत दुसरीकडे होती. लेनिनग्राडचा एवढा धडा तरी जग शिकले.

सगळाच शिकले असे नाही. ज्या पाव्हलोव्हस्कच्या मळ्यातून बटाटे उकरून आणले होते, तेथे फळझाडांचा मोठा संग्रह आहे. ती झाडे पुडीत ठेवता येत नाहीत, जमिनीतच राखावी लागतात. २०१० साली ती जमीन घरबांधणीला देण्याचे घाटले. जगभरातून निषेध झाला, तेव्हा कोठे ते थांबले. शत्रूच्या तोफांतून वाचलेली जागा शांततेच्या काळात बिल्डराच्या नकाशावर आली. जमिनीचा भाव चढला की तिच्यावर उभ्या असलेल्या कष्टांचा भाव कसा उतरतो, हे आपल्या गिरण्यांच्या जागा पाहिलेल्यांना मी वेगळे सांगायला नको.

आपले मडके

आपल्या देशात दिल्लीला राष्ट्रीय पेढी आहे; चार लाखांहून अधिक नमुने तेथे आहेत, आणि तिचे एक केंद्र आपल्या अकोल्यात आहे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला; छापील नावाचे बियाणे म्हणून मात्र विकता येत नाही. कायदा चांगला आहे. पण हक्क वापरायला हातात बी असावे लागते. ज्याने दरसाल दुकानातून पिशवी आणली आणि घरचे मडके फोडले, त्याच्या हातात कायद्याचा कागद तेवढा उरतो.

अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावी, राहीबाई पोपेरे यांनी हे मडके पुन्हा मांडले. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी बाईंनी शंभराहून अधिक गावरान वाण जमवले, आसपासच्या बायकांना वाटले, आणि दिलेल्याच्या दुप्पट परत घेण्याचा रिवाज घातला. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दिल्लीचे शीतगृह आणि कोंभाळण्याचे मातीचे मडके यांत भांडण नाही. शीतगृहात दाणा झोपलेला असतो. तेथे तो टिकतो, पण बदलत्या पावसाशी जुळवून घ्यायला शिकत नाही. शेतात तो दरसाल शिकतो, पण एका दुष्काळात नाहीसा होऊ शकतो. म्हणून दोन्ही हवेत. लायसेंकोच्या गोष्टीत अडाण्याचा कैवार आणि शास्त्राचा द्वेष एकत्र बांधले गेले होते. कोंभाळण्यात बाईंचे ज्ञान आणि शास्त्रज्ञांची मदत हातात हात घालून चालली. शिकलेला आणि कसणारा यांचे असे जमले म्हणजे काय होते, हे तेथे जाऊन पाहावे.

आपण शहरातली माणसे पेरायला जाणार नाही. पण दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. घरात कोणी वृद्ध असतील तर आज रात्री त्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी गावात कोणकोणत्या ज्वाऱ्या, कोणकोणते भात होते. नावे लिहून घ्या आणि गावी कोणापाशी त्यांतले काही आहे का, ते शोधा. आणि पुढच्या वेळी बियाण्याच्या संशोधन केंद्राची जमीन विकण्याची किंवा तेथील जागा न भरण्याची बातमी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दिसली, तर पान उलटू नका. पत्र लिहा, सभा घ्या, प्रश्न विचारा. आयझॅकच्या चौकातल्या माणसांनी सव्वाशे ग्रॅम पावावर जे राखले, ते पोटभर जेवणाऱ्यांनी घालवू नये.